मांडवाची घरपट्टी

ती. भगवानअण्णांच्या पायांवर धाकट्या चुलतभावाचं, व्यंकटचं, डोकं. वहिनींची कंबर, म्हशीचं दूध आणि तुमची सरपंचकी तिन्ही धडधाकट असतील असं धरून चालतो. (सरपंचकीचा विषय पुढं येईलच.) इकडं लातुरात आम्ही खुशाल आहोत, आणि आज तर लढाई मारून आलेल्या फौजेसारखे खुशाल आहोत.

आपल्याच गावची तारामती तुम्हाला आठवत असेल. आमच्या गल्लीत शेवटच्या पत्र्याच्या घरात राहते, चार घरी स्वयंपाक करते. मागल्या साली उन्हाळ्यात तिच्या लेकीचं, सुकन्येचं, लग्न झालं. दारापुढच्या मोकळ्या जागेत लोखंडी खांबांचा मांडव घातला, वर पत्रे टाकले, कारण वळवाच्या पावसाचा भरवसा नाही. नेमकी हळदीच्या दिवशी घरपट्टीसाठी घरं मोजणारी महापालिकेची ठेक्यावरची दोन माणसं आली. तारामतीनं त्यांना वरपक्षाकडचे पाहुणे समजून पंगतीला बसवलं, आग्रह करकरून बुंदी वाढली. माणसं खाल्ल्या अन्नाला जागली आणि जाताना मांडवही मोजून गेली. (टेपचं दुसरं टोक नवरदेवाच्या मामानं हौसेनं धरलं होतं.) पावसाळ्यात नोटीस आली: पत्र्याचं घर एक, मंगल कार्यालय एक, घरपट्टी व्यापारी दरानं, न भरल्यास जप्ती. मांडव तर मांडववाल्यानं तिसऱ्याच दिवशी उचलून नेला होता. म्हणजे जप्त व्हायला उरलं ते घरच.

मी पेटलो. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. कचेरीत जाऊन मी ग्रीसच्या नगरराज्यांपासून सुरुवात केली. साहेब जेवायला उठले तेव्हा मी नुकता रोमला पोचलो होतो. मग आमच्या भागातून निवडणूक लढवू पाहणाऱ्या अमरनाथांकडं गेलो. त्यांनी चहा पाजला, मतदारयादी चाळली आणि अगदी प्रेमानं विचारलं, "व्यंकटराव, तुमच्या गल्लीत मतं किती?"

अण्णा, यादीत आमची गल्लीच नव्हती. असणार कशी? दर निवडणुकीला तुमचा टेम्पो येतो, आम्ही सगळे त्यात कोंबून गावी येतो, तुम्हाला मत देतो, रस्सा ओरपतो आणि परत येतो. नळाची वाट लातुरात पाहायची, नाली लातुरात तुंबायची, पट्टी लातुरात भरायची, आणि मत मात्र शिरूर अनंतपाळ तालुक्यात. ज्याला मत नाही त्याच्या मांडवालाही पट्टी लागते, हे त्या दिवशी मला कळलं.

त्याच संध्याकाळी मी गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या टाकीवर चढलो. (ते भाषण तुम्ही ऐकलं नाही हे एका परीनं बरंच झालं.) म्हणालो, दिल्लीतलं राज्य टीव्हीवर दिसतं, गल्लीतलं राज्य नळाला येतं. तुमच्या डोक्यावरच्या पत्र्याला काय पट्टी लागायची, कुणाच्या प्लॉटावरून रस्ता जायचा, कुणाचं बांधकाम कायम करायचं, हे ठरतं इथल्या सभागृहात. तिथं तुमच्यासाठी हात वर करणारा माणूस तुम्ही पाठवला नाही, तर ज्यांनी पाठवला त्यांचीच नाली वाहणार. जिथं घाम गाळता, जिथं पट्टी भरता, तिथंच मत द्या. टाळ्या चालूच होत्या, तेवढ्यात खालून तारामती म्हणाली, "व्यंकटभाऊ, बोललात लई. आता नाव हलवायचा अर्ज कुठं मिळतो ते सांगा."

नावं हलली आणि त्याबरोबर शहर हललं. जन्मात पहिल्यांदा दोन उमेदवार आमच्या चिखलात उतरले (एकाची चप्पल अजून तिथंच आहे). अमरनाथांनी भर गल्लीत तारामतीला नोटीस रद्द करायचा शब्द दिला. ते जेवढ्या मतांनी निवडून आले, त्याहून जास्त मतं एकट्या आमच्या गल्लीची होती. याची आठवण मी त्यांना रोज सकाळी फिरायला जाताना देतो. त्यांनी हल्ली फिरायचा रस्ता बदललाय.

काल घराची फेरमोजणी झाली. तीच दोन माणसं टेप ताणून रिकाम्या हवेत मंगल कार्यालय शोधत होती, आणि कार्यालयाच्या बरोबर मध्यभागी तारामतीची शेळी रवंथ करत बसली होती. तारामती दारातून म्हणाली, "सायेब, जेवून जावा. पण ह्या खेपेला टेप पिशवीत ठिवा." अख्खी गल्ली हसली. ती मात्र घराच्या चौकटीला हात लावून कितीतरी वेळ तशीच उभी होती. नोटीस रद्द झाली. घर राहिलं.

वहिनींना नमस्कार सांगा, आणि हे पत्र त्यांना वाचून दाखवताना खालचा ता. क. गाळलात तरी चालेल.

तुमचाच,
व्यंकट

ता. क. येत्या ग्रामपंचायतीला टेम्पो पाठवू नका. गल्लीत त्यात चढणारं कुणी उरलं नाही, माझंही नाव इकडं आलं. तुमच्या रश्श्याची हळहळ मात्र सगळ्यांना आहे.

आणखी ता. क. लिहायचं खरं कारण राहूनच गेलं. गावातला माझा गोठा पडून दोन पावसाळे झाले, पण ग्रामपंचायत तो उभा धरून अजून पट्टी लावते. तेवढा तुमच्या सहीनं कागदावरूनही पाडून टाका. निवडणुकीच्या आत केलंत तर बरं, नंतर सही कुणाची चालेल सांगता येत नाही. तुम्ही म्हणाल, मत तिकडं नेलंस आणि काम इकडं सांगतोस? अण्णा, जिथं मत नाही तिथं असे हात जोडावे लागतात; टाकीवर उभा राहून मी दुसरं काय सांगत होतो?