हिरवा किडा

नाना, गेल्या महिन्यात हिमाचलमध्ये एका गार नदीच्या काठी, ट्राउट मासे धरायला शिकवणाऱ्या माणसाने माझ्यापुढे डबी उघडली. आत पिसांचे आणि दोऱ्यांचे इवले किडे ओळीने टोचलेले, तुमच्या तंबाखूच्या डबीत असायचे तसेच. "मॅडम, आज कौनसा रंग लगाएँ?" त्याने गमतीत विचारलं. मी पाण्याकडे पाहिलं आणि बोलून गेले, जो रंग या पाण्यात हरवेल तो नको. तो चकित झाला. किसने सिखाया, म्हणाला. मी म्हटलं, कुठेतरी वाचलं होतं.

वाचलं नव्हतं, नाना. शिरपूरच्या घरी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तुम्ही गळाला कोंबड्याचं रंगवलेलं पीस बांधताय आणि मी शेजारी दोऱ्यांची रिळं घेऊन बसलेय. "हाऊ दोरा लाल शे ना?" तुम्ही हळूच विचारता. लाल आणि हिरवा तुम्हाला एकच दिसायचे, हे आई सोडून फक्त मला, तुमच्या लेकीला, ठाऊक होतं. "पानी मी देखस, रंग तू देख," म्हणायचात. मला त्याचा केवढा अभिमान होता. कापसाच्या जिनिंग मिलमध्ये तुम्ही वायरमन होतात. तिथे तारा ओळखायला तुम्ही त्यांना गाठी मारून ठेवायचात, नवीन तारेचा तुकडा खिशातून घरी आणून मला दाखवायचात. यात कुणाच्या जिवाला धोका आहे, हे तेव्हा मला समजत नव्हतं. तुम्हाला समजत असणार.

बारा वर्षांची झाले आणि अभिमान आटला. वर्गातल्या मुली मला 'मासोळी' म्हणू लागल्या. त्या रविवारी दोंडाईचाहून मावशी येणार होती, माझ्यासाठी फ्रॉक घेऊन. मला घरी थांबायचं होतं. तुम्ही म्हणालात, "तू नई उनी तं मना रंग कोन देखी?" मी गाल फुगवून अनेर नदीच्या काठी आले. पाणी शेवाळलेलं होतं. तुम्ही लाल किडा मागितलात. मी हिरवा दिला. मासा लागणार नाही, तुम्ही कंटाळाल, आपण लवकर घरी जाऊ, एवढाच माझा हिशेब.

तुमच्या शेजारी जिनिंगचे मुकादम आबा गळ टाकून बसले होते. दोन तास तुम्हाला काही लागलं नाही, आणि आबांना तीन मासे. "काय रे, शेवायमा हिरवं टाकी बठना? मासा काय हुंगीसन येवाव शे?" आबा हसले. तुम्हीही हसलात, म्हणालात, "लाल तं शे." आबांचं हसू थांबलं. त्यांनी आपल्या डबीतून दोन किडे काढून तळहातावर ठेवले. "यामा लाल कोनता?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी पाण्याकडे पाहत राहिले. तुम्ही बोट ठेवलंत ते हिरव्यावर.

सोमवारी आबांनी तुम्हाला तारांवरून काढून फाटकावर बसवलं. कापसाच्या गाड्या आत सोडायच्या, बाहेर सोडायच्या. त्यांनी योग्यच केलं, हे आज मी म्हणू शकते. त्या संध्याकाळी आईने विचारलं, असं कसं झालं? तुम्ही पक्कड, टेस्टर एका फडक्यात बांधत होतात. "मनाच डोया," म्हणालात, डोळ्यांकडे बोट करून. मी भाकरी खात होते. पुढेही तुम्ही नदीवर जात राहिलात, एकटे. डबीत मग फक्त काळे आणि पांढरे किडे असायचे. मी कॉलेजला धुळ्याला गेले, तुम्ही गेलात त्यालाही आता सोळा वर्षं झाली, आणि गेल्या महिन्यापर्यंत मला कुणी रंग विचारला नाही.

त्या हिमाचलच्या माणसाकडून मी एक लाल किडा विकत घेतला. तो तुमच्या डबीत ठेवतेय, हा कागदही घडी करून त्याखाली. पण त्याआधी वरची एक ओळ दुरुस्त करायला हवी. मी पाण्याकडे पाहत राहिले, असं लिहिलंय. इतकी वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आले. खरं म्हणजे तुम्ही मान वळवलीत तेव्हा मी तुमच्याकडेच पाहत होते, नाना. आपली नजरानजर झाली. तुम्ही भुवया जराशा उंचावल्यात, दोऱ्याचं विचारताना उंचावायचात तशा. आणि मग मी मान फिरवली.