भिंत सुकेपर्यंत

१९ जुलै

“आपलं दोघींचं जमायचं नाही, पण घर दोन मजली आहे.” लग्नाला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा सासूबाई हे म्हणाल्या होत्या. तेव्हापासून त्या खाली, आम्ही वर. आणि आज गादी, उशी, रेडिओ घेऊन त्या माझ्या लिहायच्या खोलीत राहायला आल्या!

मोठ्या पावसात गच्चीची पन्हळ तुंबली आणि सगळं पाणी त्यांच्या भिंतीत मुरलं. कपाट सरकवलं तर मागे कमरेपर्यंत हिरवीकाळी बुरशी. वासाने डोकं उठलं.

“भिंत सुकली की मी खाली,” त्यांनी दारातच सांगून टाकलं.

२० जुलै

दिवसभर बुरशी. तोंडाला फडकी बांधून दोघी घासायला बसलो.

“अगं, आधी ओलं कर! कोरडी घासलीस तर घरभर उडेल.” मग थोड्या वेळाने, “लिहिणाऱ्या बायकांना घाण दिसतच नाही का गं?”

“दिसते ना. आम्ही तिच्यावर लिहितो.”

हसल्या! फडक्याआडून, पण खांदे हलले.

सासऱ्यांच्या जुन्या चामडी पट्ट्यावर पांढरी लव आली होती. तो मात्र माझ्या हाती दिला नाही. स्वतः पुसला, उन्हात ठेवला, आणि ऊन सरकेल तसा सरकवत राहिल्या.

२२ जुलै

रंगारी येऊन गेला. रंगाचं आत्ता नावही काढू नका म्हणाला. भिंतीवर वीतभर प्लास्टिक ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या. “आतून थेंब धरले तर भिंत ओली. धरायचे थांबले की मला बोलवा.”

२५ जुलै

आतून थेंब. छान!

छान काय? लिहून गेले खरं.

त्यांची गादी माझ्या टेबलाला लागून. मी लिहायला लागले की रेडिओ बारीक होतो, पेन खाली ठेवलं की मोठा. एकमेकींना काही सांगावं लागत नाही. नवरा जिन्यातून डोकावला. “भांडण झालं का?” “नाही.” “मग एवढी शांतता कसली?” सासूबाई म्हणाल्या, “तू गेलास की परत होईल.”

लिखाण मात्र कधी नव्हे इतकं पुढे सरकतंय.

३० जुलै

लख्ख ऊन. खाली खिडक्या सताड उघड्या, पंखा सुरू. कुबट वास जवळजवळ गेला. मला आनंद व्हायला हवा.

४ ऑगस्ट

आज सासूबाई माझ्या आधीच खाली जाऊन आल्या. “थेंब आहेत गं अजून. काढू आणखी थोडे दिवस.”

दुपारी त्यांचे धुतलेले पडदे लावायला मी खाली गेले. थेंब होते. सहज बोट फिरवलं, तर बोट ओलं झालं! थेंब प्लास्टिकवर बाहेरून होते. आत कोरडं ठणठणीत. खिडकीत पाण्याचा पेला, अर्धा रिकामा.

पडदे लावायचे राहूनच गेले. ज्यांनी बावीस वर्षांत माझ्याकडे वाटीभर साखरसुद्धा मागितली नाही, त्या या वयात सकाळी उठून भिंतीवर पाणी शिंपडतात.

वर आले. म्हटलं, “हो आई, बरीच ओल आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रेडिओ मोठा केला.

५ ऑगस्ट

रंगारी न बोलावताच आला आणि खालूनच ओरडला, “सुकली की हो भिंत!” आईंनी गादी गुंडाळायला घेतली आहे. राहा म्हटलं तर राहायच्या नाहीत. म्हणून आत्ताच, गाठ बांधायच्या आत विचारते. नाहीच म्हणतील, तरी विचारते — आई, खालची खोली मला लिहायला द्याल का?