लोखंडी कपड्यांतला माणूस

चि. ओंकारला कोकिळामावशीचे आशीर्वाद.

पनवेलला सुखरूप पोचलास, खोकला कमी झाला, असं धरून चालते. बोर्लीच्या एसटीने सुकट पाठवली होती, ती मिळाली का ते आईला कळवायला सांग. इकडे मी बरी आहे. म्हणजे आहे तशी आहे.

तू जाताना तुझा तो फासे टाकून गोष्ट रचायचा राक्षसांचा खेळ माझ्यावर सोपवलास ("मग तूच चालव ना, मावशी," असं फुगून), त्याची हकिगत सांगते. माझं म्हणणं एवढंच होतं की तुझा समुद्रराक्षस फार स्वस्तात मरतो. तलवारीचे तीन वार, की खलास. आणि स्वप्निलचा वीर लोखंडी कपड्यांनिशी पाण्यात पडतो, वर येतो, लगेच लढतो. अरे, नुसते रबरी बूट भरले तरी माणूस वर येत नाही. तू म्हणालास, नियमात बसतं. म्हणून शब्दकोश घेऊन तुझं इंग्रजी पुस्तक राक्षसांपर्यंत वाचलं. (राक्षसाला अकलेचे वेगळे गुण दिलेत. गावात कितीजणांना मिळाले असते कोण जाणे.) बुडण्यावर मात्र अर्धंच पान. उरलेलं मी माझ्या माहितीने भरलं.

रविवारी पोरं ओट्यावर जमली. माझा राक्षस कुणाला दिसलाच नाही. समुद्र कधी सांगून येतो? आधी होडी आडवी झाली. भावेशच्या जादूगाराला मंत्र म्हणायचा होता, पण तोंडात पाणी. स्वप्निल लोखंडासकट तळाला. "काकू, एक तरी फासा टाकू द्या की!" म्हटलं, टाक. वीस पडले, त्या फाशाचं सगळ्यांत मोठं दान. म्हटलं, छान पडले, पण तू खालीच आहेस.

उरली आमच्या सोनलची तिरंदाज. ती म्हणाली, माझ्याकडे सोन्याचा नारळ आहे, तो समुद्राला देते. असा नारळ खेळात कुठेच नव्हता, तिने तिथल्या तिथे काढला. तू असतास तर चालवून घेतला असतास. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या बापानं पण दिला होता." (नारळी पौर्णिमेनंतरची पहिलीच खेप होती ती. होडी तेवढी मिळाली.)

"आये, खेळ हाय हा," एवढं म्हणून सोनल आत गेली. तुझे काका गेल्यापासून ही पोर हसायची ती त्या ओट्यावरच. आता फासे दिसले तरी तोंड फिरवते.

तुझी,
कोकिळामावशी

ता.क. तुझं पुस्तक जपून ठेवलंय. एका पानाला हळद लागली आहे, ती राक्षसाचीच समज.

आणखी एक. येत्या रविवारी ये. राक्षस तुझाच आण, तीन वारांत मरणारा. नारळाचा नियम तुझ्या हाताने लिही, दिला की समुद्र ऐकतो असा. आणि मलाही खेळायला घे. तो लोखंडी कपड्यांतला माणूस मला दे. तो पाण्यात पडला की मी काही बोलणार नाही. त्याला वर येऊ दे.