तळ्यावरून बर्फ दिसत नाही

बाई, मागच्या महिन्यात मी नैनीतालला जाऊन आले. तुम्ही वारलात त्याला वीसेक वर्षं झाली, आणि सातवीच्या वर्गात तुम्ही मला खोटारडी म्हणालात त्याला चाळीस होत आली, तरी परतल्यापासून डोक्यात तुमच्याशीच भांडण चालू आहे. तुम्ही होतात तोवर तुमच्यासमोर माझा आवाज फुटला नाही. आता तुम्ही मला मध्येच गप्प बसवू शकत नाही, म्हणून लिहितेय. नवऱ्याच्या कंपनीतल्या पाच-सहा कुटुंबांनी मिळून सहल काढली होती. वापीहून दिल्ली, दिल्लीहून काठगोदाम, तिथून जीपने घाटातली वळणं मोजत वर. पोचल्यावर सगळे हॉटेलात सामान टाकून आडवे झाले आणि मी नवऱ्याला ओढत थेट तळ्यावर नेलं. हिरवंगार पाणी, भोवती झाडांनी भरलेले उंच डोंगर, आणि बर्फाचं एकही शिखर नाही. दिसणार कसं, मध्ये डोंगर उभे. तरी मी नाववाल्याला विचारलं, पाण्यात बर्फाचं प्रतिबिंब कुठून दिसतं. तो हसला. "ताल से हिमाल कहाँ दिखेगा मैडमजी? उसके लिए ऊपर चढ़ना पड़ता है." मग चहावाल्याला विचारलं, मग चौकातल्या पोलिसाला. नवरा म्हणाला, "अगं, जनगणनेला आलीयस का?" चाळीस वर्षांपूर्वीचं भांडण त्याला फुटपाथवर उभं राहून काय सांगणार?

तुमचा तो निबंध मला अजून पाठ आहे. दर जूनमध्ये तुम्ही फळ्यावर 'मी पाहिलेले थंड हवेचे ठिकाण' असा विषय लिहायचात आणि नमुना म्हणून आधी स्वतःचा निबंध वाचून दाखवायचात. 'प्रभातकाळी मी नैनी सरोवराच्या काठी उभी राहिले आणि त्या निळ्याशार जलात हिमशिखरांचे प्रतिबिंब पाहून माझे भान हरपले.' वाचताना तुमचा आवाज बदलायचा. आम्ही कुठलं थंड हवेचं ठिकाण पाहिलं होतं? वर्गातली निम्मी मुलं आसपासच्या पाड्यांवरून चालत यायची, बाकीच्यांचे बाप कारखान्यांत. आमची सुट्टी म्हणजे जळगावकडचं गाव, जिथे मे महिन्यात पत्र्यावर पापड भाजून निघतील. सगळे गाइडमधलं महाबळेश्वर उतरवून काढायचे आणि तुम्ही त्यांना दहापैकी सहा द्यायचात. मला मात्र तुमचंच नैनीताल लिहायचं होतं. सहावीत चांगल्या अक्षराबद्दल तुम्ही मला तुमचं शाईचं पेन दिलं होतंत. तेव्हापासून तुम्ही माझ्याकडे बघून एकदा हसावं म्हणून मी काहीही केलं असतं.

आणि माझ्याकडे नैनीताल सांगणारं माणूस होतं. बाबा वापीजवळच्या गलोंड्याच्या कारखान्यात फिटर होते. सकाळची शाळा सुटली की दुपारचा त्यांचा डबा मी गेटवर नेऊन द्यायची. मशीन सोडून बाबांना यायला उशीर व्हायचा, तोवर गेटवरचे वॉचमनचाचा स्वतः उभे राहून मला स्टूल द्यायचे आणि त्यांच्या मुलखाचं सांगत बसायचे. भवालीजवळच्या कुठल्याशा खेड्यातले होते. तळ्याच्या एका टोकाला मल्लीताल, दुसऱ्याला तल्लीताल, काठावर देवीचं देऊळ, बाजारात मेणबत्त्यांची दुकानं, नऊ कोपऱ्यांचं आणखी एक तळं जवळच. मी त्यांना तुमच्या निबंधातलं वाक्य म्हणून दाखवलं तर ते मान हलवत म्हणाले, "ना बेटी, ताल से हिमाल नहीं दिखता. ऊपर चढ़ो, तब दिखता है. तेरी मैडम भूल गई होंगी." मला वाटलं, तुम्ही विसरलेल्याची तुम्हाला आठवण करून दिली तर तुम्ही किती खूश व्हाल. अक्कल कशाला म्हणतात ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

तुम्ही तपासलेल्या वह्या घेऊन वर्गात येता. माझी वही सगळ्यांत वर. मी कौतुकासाठी उठायच्या तयारीत. तुम्ही वाचू लागता, "'तळ्यावरून बर्फ दिसत नाही, त्यासाठी वर चढावे लागते.' असं? मग आम्ही काय डोळे मिटून फिरलो तिथे?" वर्ग हसतो. "'बाजारात मेणबत्त्यांची दुकानेच दुकाने आहेत.' मेणबत्त्या! का गं, लाइट नाही का त्यांच्याकडे?" आता बाकं बडवून हसतात सगळे. "कधी गेली होतीस? कुणाबरोबर?" मी नाही म्हणून मान हलवते. "मग हे कुणी सांगितलं?" मी सांगते, गेटवरच्या वॉचमनचाचांनी. तेव्हा तुम्ही हसत नाही, बाई. तुमचा चेहरा उतरतो. इतकी वर्षं मी ते राग म्हणून धरून चालले होते. "खोटारडी! खोटं लिहायचं ते लिहायचं, वर मलाच खोटं पाडायचं?" मग लाल शाईने 'असत्य लेखन', खाली शून्य, आणि मधल्या सुट्टीपर्यंत वही छातीशी उघडी धरून फळ्यापाशी उभं राहायची शिक्षा. दहावीपर्यंत मला शाळेत मेणबत्ती म्हणत होते. माझं खरं नाव काही जणींना अजूनही आठवत नाही.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी विसरलेही असते कदाचित. पण तुम्ही बाबांना बोलावून घेतलंत आणि सांगितलंत की मुलगी वॉचमनजवळ तासन्‌तास बसते, लक्ष ठेवा. त्या माणसाने कधी मला बोटही लावलं नव्हतं. बाबा घरी येऊन एवढंच म्हणाले, "तुले काय गरज होती तिथं बसायची? उद्यापासून डबा भाऊ नेईल." गेटवर ते चाचांना काय बोलले कोण जाणे. पुढे एकदा आईबरोबर तिथून जाताना चाचांनी सवयीने हात वर केला आणि मी मान फिरवली. तो हात तसाच अर्धवट राहिलेला मला दिसला. दिवाळीनंतर गेटवर दुसराच माणूस होता. बाई, तुमच्या एका वाक्याने त्यांना काय ठरवलं ते तुम्हाला चांगलं कळत होतं. तुम्ही भाषा शिकवत होतात.

नैनीतालला मेणबत्त्या आहेत. ओळीने दुकानं आहेत. फळांच्या, फुलांच्या, देवळांच्या आकाराच्या मेणबत्त्या, वासाच्या, बिनवासाच्या. पहिल्या दुकानासमोर मी इतका वेळ उभी राहिले की दुकानदार म्हणाला, "लेना हो तो लीजिए मैडम, नहीं तो रास्ता दीजिए." भीमतालला जाताना जीप भवालीतून गेली तेव्हा मी रस्त्याकडेच्या म्हाताऱ्यांचे चेहरे बघत होते. चाचा असते तर नव्वदीचे असते. त्यांच्या गावाचं नाव विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

आणि मग तुमचं कॅलेंडर आठवलं. सहावीत एकदा वह्या पोचवायला तुमच्या क्वार्टरवर आले होते. बाहेरच्या खोलीत कॅलेंडरचं एक पान कापून फ्रेम केलेलं होतं. निळं तळं, त्यात पांढरी शिखरं उलटी पडलेली, खाली छापलेलं 'नैनीताल'. छापणाऱ्याने कुठल्या तरी तळ्यामागे कुठला तरी हिमालय चिकटवला आणि तुम्ही त्याच्या काठी प्रभातकाळी उभ्या राहिलात. मी तुमची बाजू घेऊनही पाहिली. तुम्ही गेला असाल, हवा वाईट असेल, नंतर घोटाळा झाला असेल. पण त्या बाजारातून गेलेल्या माणसाला मेणबत्त्या दिसल्या नाहीत असं होत नाही. तुम्ही कधी गेलाच नव्हतात. खोटं दोघींनीही लिहिलं, हे मला मान्य आहे. माझ्या खोट्यातला बर्फ निदान जागच्या जागी होता. फळ्यापाशी उभी मी राहिले, आणि तुम्ही पुढच्या जूनमध्ये तोच निबंध त्याच आवाजात वाचलात. तुम्हाला मी माफ केलेलं नाही. वय झालं की मन मोठं होतं म्हणतात, माझं काही झालेलं नाही.

तुमच्यासाठी एक मेणबत्ती घेतली होती, तळ्याच्या आकाराची. तिच्याच खोक्यात हे पत्र ठेवून कपाटात टाकणार आहे. तुमच्या फोटोसमोर जाऊन वाचण्याइतकी मी नाटकी नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. आमचे चारही दिवस धुरकट हवेत गेले. रोपवेने वर गेलो, दुर्बिणीवाल्याने शिखरांची नावं घोकून दाखवली, पण समोर नुसता पांढरा पडदा. हिमालय मी पाहिलाच नाही. खडोलीच्या ज्या लॅबमध्ये मी धाग्याची ताकद तपासते तिथे मशीन दाखवेल तोच आकडा लिहायचा असतो, आणि तिथे माझ्या शब्दावर कुणी शंका घेत नाही. परवा जेवायच्या सुट्टीत सगळ्या भोवती जमल्या. त्यांतली एकही कधी वापीच्या पुढे फिरायला गेलेली नाही. शेजारची डबा बाजूला सारून म्हणाली, "बेन, बरफ जोयो के नहीं?"

"दिसला ना," मी म्हणाले. "सकाळी सकाळी तळ्याकाठी उभी राहिले, तर पाण्यात सगळी शिखरं. भानच हरपलं माझं."