तिसऱ्या बेसचं पोतं

ता. ५ ऑगस्ट, मंगळ.
तांदळाची रिकामी पोती शिवली, तीन. आत वाळू भरली. हे पोरींच्या सॉफ्टबॉलचे बेस. रबरी बेस हायत शाळेत, पण हेडसर कपाटातनं काढत न्हाईत. खराब होतील म्हणे. खेळून न्हाई खराब व्हायचे तर काय उंदरानं खाऊन व्हायचे? पन्नास पोरांचा भात शिजवून वर ही शिवणकामं. दाभण बोटात गेलं.

घरी आले तर आत्ती वल्ल्या अंथरुणातच पडून. "आलीस? मला वाटलं खेळायला गेलीस." मी अंथरूण बदललं. सासू हाय. खुब्याचं हाड मोडल्यापास्नं तोंड तेवढं शाबूत हाय.

ता. ७, गुरू.
पाऊस जरा कमी. पोरी खेळल्या. आमचं ग्राऊंड म्हणजे सगळा उतार, सपाट जागा तेवढी राखणदार देवाच्या दगडापुढं. तिसरा बेस तितंच येतो. राखणदारापुढं पाय कोण ठेवणार? पोरी पळत येतात, वाकून पोत्याला हात लावतात, हात कपाळाला लावतात, मग पुढं पळतात. पीटी सर घाटावरचे, कानडी. पहिल्यांदा डोक्याला हात लावून बसले. आता म्हणतात, "अक्का, हात लावला तरी चालतो. शेवंती पळतो चांगला."
शेवंती पळतो. असू दे. पळते ते खरं हाय.

ता. ११, सोम.
तालुक्याच्या मॅची परवा. हेडसर चुलीपाशी येऊन उभे. "अक्का, तयारी हाय न्हवं?"
माजी कसली तयारी. शाळेत मिस न्हाई. पोरींबरोबर बाई न्हाई तर टीम न्हाई असा नियम. मग दरसाल ती बाई मी. पोरींच्या पिना, कपडे, पोटदुखी, उलटी, सगळं माज्याकडं. सातवी नापास मी, आनी कागदावर काय तर म्यानेजर.

ता. १३, बुध.
जोयडा. हे घरी होते म्हणून जमलं, आत्तीला त्यांनी बघितलं.
पोरींच्या टीमा दोनच. आमची शेवंती तिसऱ्या बेसला पोचली, हात लावला, आनी नेला की कपाळाला. पोत्यावरनं हात सुटला तेवढ्यात पलीकडच्या पोरीनं बॉल पाठीला टेकवला. अंपायरनं हात वर केला. आउट.
त्यांच्या मास्तरीण बाई हसून म्हणाल्या, "देवाला आल्यात का खेळायला?"
मी म्हटलं, "देवालाच आल्यात. जाताना जिंकून जातील."
जिंकलो. एका रननं. तोंड राहिलं माजं.

दुपारी अंपायर एकटाच बाजूला. दांडेलीचा, वय लहान. दोन्ही टीमांच्या शिव्या खाऊन पोट भरलेलं, जेवायला कोण विचारलं न्हाई. पायाला जळवा लागलेल्या. मीठ लावून काढल्या, भात वाढला.
"अक्का, आउट मी दिला. राग न्हाई ना?"
"आउट होती तर आउट. आमटी घे."
जेवता जेवता बोलला. शिरशीला जिल्ह्याच्या मॅचीला हॉस्टेलसाठी पोरी निवडणारे येणार हायत. खेळाचं हॉस्टेल, शिक्षण खाणं सगळं तिथंच. "त्या पोरीचा हात बघण्यासारखा हाय. पण कपाळाचं बंद करा. हात लावलाय तो सोडायचा न्हाई. सोडला की गेली."

ता. १४, गुरू.
शेवंती भांडी घासायला आली, सांगितलं न्हवतं. दहावी झाली की बा तिला मडगावला पाठवणार, नात्यातल्या बाईचं पोर सांभाळायला. ठरलंय. "अक्का, शिरशीला तुम्ही याल न्हवं?"
दोन रात्री. मी म्हटलं, "कढई नीट घास."

ता. १८, सोम.
सरांनी सांगितलं, पोत्यावर पाय ठेवा. एकबी पोरगी ठेवंना. मला म्हणाल्या, आजीला विचारा. आजी म्हणजे आमची आत्ती. राखणदाराला नारळ कधी, कोंबडा कधी, सगळं तिलाच विचारायची रीत.
विचारलं. आत्ती म्हणाली, "मी पडले ती कशानं? तुज्या त्या पोरी तितं नाचतात, त्यानं."
"तुम्ही शेवाळावर पडलासा. मी शंभरदा सांगितलं हुतं वल्ल्यात जाऊ नका म्हणून."
"शेवाळ कुणी धाडलं?"


ता. १९, मंगळ.
मीच पोतं उचललं आनी दगडापास्नं लांब नेलं. सर म्हणतात, अंतर चुकतो. मग सगळेच बेस सरकवा. सरकवले. होम प्लेट चिखलात गेली, जाऊ दे.
शेवंती पळत आली, वाकली, हात लावला, कपाळाला. दगड तिकडं लांब आनी ही हितं नमस्कार घालते. पुन्हा तेच. पुन्हा तेच. शेवटी मी वरडले, "लाव हात. पण तितंच ठेव. सेफ म्हणंपर्यंत उचलशील तर बग." मनगट दाबून धरलं तिचं पोत्यावर. रडली. मग जमलं.

ता. २१, गुरू.
रामनगरला जावेला फोन केला. दोन रात्री आत्तीजवळ राहा म्हटलं. तिचं गुडघं. माज्या फोनबरोबरच दुखायला लागतं.
ह्यांचा कॅम्प दिग्गीकडं, जंगलखात्यात वाचर, राखणीला. रेंज न्हाई. निरोप धाडला. उलट निरोप, रजा न्हाई, तुजं तू बग.
माजं मीच बगते. दुसरं कोण बगतंय.

ता. २२, शुक्र.
हेडसर, "तुम्ही न्हाई म्हटलासा तर टीमचं नाव मागं घेतो. आमचा काय आग्रह न्हाई."
आग्रह न्हाई म्हणे. गळ्यात दावं घालायचं आनी म्हणायचं मोकळी हायस.
जाते म्हणून सांगून आले. जिभेला हाड न्हाई माज्या.

ता. २४, रवि.
शेवंतीची आई राहते म्हणाली. मी आत्तीला सांगितलं.
"परक्या बाईकडनं धुवून घेऊ? त्यापरीस मरते."
"मरू नका. दोन रात्री काढा, येते मी."
दिवसभर जेवली न्हाई. पेज केली, तोंड फिरवलं. संध्याकाळी मी भिताडाकडं बघून भाकरी खाल्ली. हॉस्टेल शेवंतीला मिळणार. मी जिथल्या तिथं. तरी जायचंय मला, का ते कळत न्हाई. एक मॅच तरी शेवटपर्यंत बसून बघावी.

ता. २५, सोम. पहाट
पिशवी भरली. पोरींच्या पिना, मीठ, हळद, कापडं. नवं लुगडं नेसले. शेवंतीची आई आली, चुलीपाशी बसलीय.
आत्तीला पेज पाजली. प्याली. सगळी. मग पदर धरला, "तू हितंच हायस न्हवं," म्हणाली, आनी झोपली.
हळूच सोडवायला गेले तर मूठ आवळते. झोपेतच. म्हाताऱ्या हातात येवढा जोर कुठनं येतो.
शेवंतीची आई म्हणते, "वढा अक्का, कळायचं न्हाई तिला."
डाव्या हातानं पिशवी धरलीय, उजव्यानं हे लिवते. पदर तिच्याकडं.
खाली शाळेपाशी टेंपो आला. हॉर्न दिला. पोरींचा दंगा ऐकू येतोय, त्यात शेवंती मला हाका मारतेय.
दुसरा हॉर्न