नाव नसलेली चौकट

रामघाट, वाराणसी
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय केयूर,

ताईचे आशीर्वाद. रागावलेल्या भावालाही ते चालतात. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचंच असेल तर पूर्ण वाचून फाड.

इकडे गंगा चढली आहे, नावा बंद आहेत, त्यामुळे विधीला येणारे यजमान कमी. बाबांचा गुडघा ठीक आहे. जेवणाबद्दलची कुरकुर चालू आहे, म्हणजे तब्येत बरी समज. मला बढती मिळाली. आमची कंपनी मोठमोठ्या संस्थांची कामं कशी चालतात त्याच्या आकृत्या संगणकावर काढून देते. एकेका कामाची एकेक चौकट आणि मधे बाण. आता नव्या आकृत्यांचे नियम मी ठरवते. माझा पहिला नियम असा की प्रत्येक चौकटीत ते काम करणाऱ्या एकाच माणसाचं नाव हवं. 'सगळे', 'कोणीतरी' चालणार नाही. नाव नसेल तर चौकट लाल होते आणि आकृती सेव्हच होत नाही. ऑफिसात सगळे माझ्या नावानं शंख करताहेत. सुमंतसाहेब म्हणाले, "देवश्रीजी, थोड़ी ढील दीजिए." नाही दिली.

नियम तपासून पाहायला ओळखीचं काम हवं होतं, म्हणून आपल्या घरचंच काढलं. यजमानाचा फोन घेणं, खोली, पिंडाचं सामान, घाटावर नेणं, जेवण. बहुतेक चौकटींत माझं नाव बसलं. 'विधीत पितरांची नावं घेणं' या चौकटीत बाबांचं नाव लिहायला गेले आणि हात थांबला.

आता जे सांगायचं ते सांगते. गेल्या पितृपक्षात बाबांनी विश्वेश्वरकाकांचा पिंड ठेवताना त्यांच्याऐवजी तुझं नाव घेतलं. तू शेजारीच बसला होतास. पुण्याची नोकरी सोडून भिक्षुकी करणार नाही, हे तू त्यांना आदल्याच दिवशी सांगितलं होतंस. तुला वाटलं, बापानं जिवंतपणी आपला पिंड पाडला. तू तसाच उठलास आणि स्टेशन गाठलंस.

तो राग नव्हता रे. बाबा विसरतात. त्याच्या दोन महिने आधी साताऱ्याच्या एका यजमानाच्या धडधाकट काकाला त्यांनी असंच गेलेल्यांत बसवलं होतं. मी हसून वेळ मारून नेली. मला तेव्हाच कळलं होतं. पण बाबांनी माझा हात धरला, "कोणाला बोलू नकोस हं बेटा, लोक यायचे बंद होतील." मी गप्प राहिले. तू गेलास तेव्हाही, आणि नंतर वर्षभर. चूक बाबांची नाही, माझी आहे. माफ कर म्हणायची लाज वाटते, तरी म्हणते.

आता गप्प बसणार नाही. डॉक्टरांना दाखवलं; विसर वाढत जाईल म्हणाले. परवा मी बाबांना सांगितलं, यजमानांचे विधी यापुढे शेजारचे मुकुलगुरुजी सांगतील. दिवसभर ते रुसले. मी बधले नाही. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आणि घरचा पितृपक्ष?" तो तुम्हीच करायचा, मी म्हटलं, फक्त नावं शेजारी बसून दुसरं कोणी वाचेल आणि तुम्ही त्याच्यामागून म्हणायची.

नावं वाचण्याची ती एक चौकट अजून लाल आहे. पंचमीला काकांची तिथी. आदल्या दिवसापर्यंत ती तुझ्यासाठी ठेवते. नोकरी सोड म्हणत नाही, एक दिवस ये. नाही आलास तर मी माझं नाव घालीन आणि बायकांनी तिथं बसू नये म्हणणाऱ्यांना बघून घेईन.

साहेबांनी विचारलं होतं, जुन्या आकृत्यांचं काय? त्यांना नवा नियम लागत नाही, त्या होत्या तशाच राहतात. गेल्या वर्षीचं मला बदलता येणार नाही. या वर्षीचं येईल.

काल नावांची यादी मोठ्या अक्षरांत लिहून बाबांच्या हातात दिली. बोट फिरवत त्यांनी दोनदा वाचली.

"यात केयूर नाही?"

"नाही बाबा. ही गेलेल्यांची यादी आहे."

"म्हणजे तो आहे ना?"

"आहे. पुण्याला आहे."

"मग येत का नाही गं?"

या उत्तराच्या चौकटीत माझं नाव घालता येत नाही, केयूर. ते तूच येऊन दे.

नियमाला पक्की आणि तरीही वाट पाहणारी,
तुझी ताई
देवश्री