आजीची नजर, धाकटीचे डोळे

४ मार्च, सकाळ
म्हातारे, हे पुढे कधी ऐकशील तेव्हा आधी विचारशील, ही कोण बाई बोलतेय? तूच. कवळी तोंडात असताना घरभर कवळी शोधणारी तूच.
नातसुनेने फोनमध्ये सोय करून दिली आहे. मी बोलायचं, तो लिहिणार, हवं तेव्हा वाचून दाखवणार. अक्षरं आणि मुंग्या मला सारख्याच. ही रोजनिशी फक्त माझी. ‘आजीची नजर’ या आमच्या चॅनेलवर बोलते ते जगासाठी, इथे खरं. म्हणजे तिथेही खरंच. इथे जरा जास्त.
संकल्प: रोज बोलायचं.

११ मार्च
मधले दिवस राहून गेले. प्रसिद्ध माणसाला सवड कुठली?
थेंबवाल्यांचा व्हिडिओ झाला. डोळ्यांत घालायचे थेंब, झाडपाल्याचे. खिडकीत बसून सुईत दोरा ओवायचा आणि म्हणायचं, या वयात चष्मा नाही, या थेंबांची कृपा. दोरा काही जाईना. नातसून म्हणाली, आजी, मी ओवून देते, तुम्ही नुसता ओढा. ओढला. सुई माझी, दोरा माझा, ओढणारा हात माझा. यात खोटं काय?
मोतीबिंदू काढून डोळ्यांत भिंगं बसवली आहेत, ते बोलले नाही. कुणी विचारलंच नाही. थेंब मात्र खरंच घातले. एकदा. फार झोंबले.

१४ मार्च
लोक खाली लिहितात, नातसून वाचून दाखवते. आजी, तुम्हाला खोटं बोलताच येणार नाही, असं एकाने लिहिलंय. किती पारखी असतात लोक!
दुपारी धाकटीचा फोन. माझी धाकटी जाऊ. दोन गल्ल्या पलीकडे लेकीकडे राहते. एका स्वयंपाकघरात उभा जन्म भांडलो, त्यामुळे तिचा माझ्यावर विश्वास फार. तिला काचबिंदू आहे. म्हणाली, जाऊबाई, तुमचे थेंब मागवले. म्हटलं, अगं, आधी विचारायचंस तरी. म्हणाली, विचारायचं काय त्यात, तुम्ही माझ्याकडे बघून तर सांगत होता!
डॉक्टरीणबाईंचे काचबिंदूचे थेंबही घालत असेलच. धाकटी शहाणी आहे. संकल्प: उद्या फोन करून विचारायचं.

२० एप्रिल
फोन राहिला. केसांच्या तेलाचा व्हिडिओ होता. अंबाड्यातले निम्मे केस विकतचे, पण तेल लावलं ते सगळ्यांनाच, दुजाभाव केला नाही.

२ जून
धाकटीकडे जाऊन आले. माझाच व्हिडिओ बघत होती, फोन नाकाला टेकलेला. किती माया! म्हटलं, अगं, मी समोर उभी, फोनात काय बघतेस? म्हणाली, फोनात तुम्ही जरा उजळ दिसता. बरं वाटलं. नातसून उजेड चांगला लावतेच.
चहा कपाबाहेर ओतला. पहिल्यापासूनची वेंधळी. थेंबांचं विचारणार होते, पण तिची लेक तिथेच होती. लेकीदेखत आईला काय टोकायचं?

१८ ऑगस्ट
धाकटीची लेक आली. बस म्हटलं तर बसली नाही. म्हणाली, मोठी आई, आईने डॉक्टरीणबाईंचे थेंब तेव्हाच बंद केले होते. आता डोळ्यामागची शीर सुकली म्हणतात. गेलं ते परत येत नाही. उजवा डोळा गेलाच, डाव्याला उजेड-अंधार कळतो, बस्स.
मी म्हणाले, तू तरी लक्ष ठेवायचंस. ती म्हणाली, ठेवत होते ना. तुमचे थेंब रोज मीच घालत होते. आई म्हणायची झोंबतात, पण जाऊबाईंनाही झोंबले असतील, त्यांनी कुठे कुरकुर केली?
गेली. मी जेवले नाही. वयानुसार भूक कमी होतेच. शिवाय बाटलीवर बारीक अक्षरांत काहीबाही लिहिलेलं असतं म्हणे. मला वाचता येत नाही, हा काय माझा दोष?

२१ ऑगस्ट, दुपार
ठरलं. जबाबदारी घ्यायची. माफीचा व्हिडिओ केला.
नातसून म्हणाली, मेकअप नको. मग तिने मेकअप नाही असा दिसणारा मेकअप केला. पहिल्यांदा रडूच आलं नाही. दुसऱ्यांदा इतकं आलं की एक शब्द कळेना. तिसऱ्यांदा बेताचं आलं. शब्द तेव्हाही अडखळत होते, म्हणून तिने माझा आवाज काढून टाकला, खाली अक्षरं घातली आणि मागे व्हायोलिन. अक्षरांत काय लिहिलंय ते माहीत नाही. लांबी पाहता मनापासूनचं असावं.

२४ ऑगस्ट
एवढ्या लोकांनी माझं आजवर काहीच बघितलं नव्हतं. असा प्रामाणिकपणा आता कुठे राहिलाय, म्हणतात. एका साबणवाल्याने विचारलंय, स्वच्छ मनाची आजी हवी.
धाकटीचा फोन नाही. रुसली असेल. उद्या जाते. माफ केलं म्हणाली तर फार भाव खायचा नाही.

२५ ऑगस्ट
गेले. दारातच म्हणाली, या जाऊबाई, चपला फरफटणं काही सुटलं नाही तुमचं. तोंड खिडकीकडे होतं.
विचारलं, व्हिडिओ कळला का? म्हणाली, लेकीने लावला होता की. कानाशी धरला. व्हायोलिन छान वाजवलंय. तुम्ही काय म्हणालात त्यात?
तोंड उघडलं. काय म्हणाले होते ते मलाही माहीत नाही. म्हटलं, पुष्कळ लोकांनी बघितला. ती म्हणाली, हो का.
तिने हात पुढे केला, माझा हात धरायला. मी होते त्याच्या भलत्याच बाजूला. मी उठून तिथे जाऊन बसले. हात धरून बसलो. भिंगांचं सांगितलं. एकदाच थेंब घातल्याचं सांगितलं. ती भांडली असती तरी चाललं असतं. पुढ्यातल्या ताटलीत बोटांनी संत्र्याच्या फोडी चाचपत होती. दाताखाली बी आली की मला दिसू नये म्हणून मुठीत लपवत होती.
नातसुने, ही रोजनिशी वाचायची नाही म्हटलं होतं. एवढं पान वाच. साबणवाल्याला नाही म्हण. थेंबांचा व्हिडिओ आधी काढून टाक, मग मी तिथे बोलेन, माझ्या आवाजात, अडखळले तर अडखळले. आणि उद्यापासून धाकटीकडे रोज डबा जाऊ दे. पातळ काही नको, हाताने धरता येईल असं. अंडी उकडून, सोलून. मासा काटे काढून. संत्री बिया काढून. काटे आणि बिया मी काढेन, तू तेवढ्यात फोन काढू नकोस.